यंत्रदोषाचे निदान आणि त्याचे वर्णन : फोर बाय फोर गाडीच्या मागील डिफरन्शियलचे उदाहरण

प्रस्तावना



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, इतिवृत्त आणि अहवाल हे लेखनप्रकार पाहिले. त्या प्रकारांत लिहिणाऱ्यासमोर घटना घडून गेलेली असते. ती नीट मांडणे एवढेच त्याचे काम असते. यंत्रातील दोषाचे वर्णन मात्र याहून अवघड आहे. दोष डोळ्यांना दिसत नाही. तो ऐकू येतो, हाताला जाणवतो, कधी वासावरून कळतो. तो नेमका कोठे आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते आणि तरीही त्याने लिहिलेल्या चार ओळींवरून दुसऱ्या कोणाला तरी तो शोधून काढायचा असतो.

या घटकासाठी आपण एक उदाहरण घेणार आहोत : नुकत्याच घेतलेल्या फोर बाय फोर गाडीच्या मागील डिफरन्शियलमध्ये बिघाड आहे की नाही, हे कसे ओळखावे आणि कसे लिहावे. हे उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. आपले विद्यापीठ ज्या नाशिकमध्ये आहे, तेथील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा वाहनकारखाना आहे आणि त्याच्याभोवती सुटे भाग तयार करणारे, गॅरेज चालवणारे, गाड्या चालवणारे असे हजारो लोक आहेत. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांतही असे अनेक जण असतात. आपल्यापैकी ज्यांना गाडीची ओळख आहे, त्यांना पुढील मजकुरातील यंत्रविषयक भाग सोपा वाटेल. ज्यांना नाही, त्यांनी तो सावकाश वाचावा. बी.ए.च्या विद्यार्थ्याला हे कशाला, असा प्रश्न मनात आला तर तो शेवटपर्यंत बाजूला ठेवावा.

डिफरन्शियल म्हणजे काय

बैलगाडीपासून सुरुवात करू या. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापली मोकळी फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी; दोघांचे एकमेकांशी काही देणेघेणे नसते. बैल जू ओढतात, चाकांना कोणी फिरवत नाही, म्हणून हे शक्य होते.

मोटारीत चाकांना इंजिन फिरवते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर सरळ रस्त्यावर काही अडचण येणार नाही. पण वळणावर येईल. गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले असे समजा. दोन्ही चाकांतील अंतर दीड मीटर असेल, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालते. वर्तुळ लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. शंका असेल तर त्रिज्या बदलून गणित करून पाहा. चाके एकमेकांना जखडलेली असतील, तर हा फरक रस्त्यावर टायर घासूनच भरून निघेल. इंजिनाचे बळ दोन्ही चाकांना द्यायचे आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, हे काम डिफरन्शियल करते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी या रचनेचे पेटंट घेतले होते. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा जन्माला यायची होती.

गाडीच्या मागच्या बाजूला, दोन चाकांच्या मध्ये, खाली भोपळ्यासारखा फुगीर लोखंडी भाग दिसतो. ते डिफरन्शियलचे हाउसिंग. गिअरबॉक्सकडून येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट त्याला येऊन मिळतो. शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी पिनियन असते, ते क्राउन नावाच्या मोठ्या दातेरी चक्राला फिरवते. क्राउनच्या पोटातील चार लहान चक्रे वळणावरचा फरक सांभाळतात. पिनियन आणि क्राउन यांची जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असते. त्यामुळे एक खराब झाले तरी दोन्ही एकत्रच बदलावी लागतात. सगळे भाग दाट तेलात बुडालेले असतात. या तेलात गंधकाची संयुगे असल्यामुळे त्याला एक उग्र वास असतो. एकदा घेतला की तो वास विसरत नाही.

फोर बाय फोर गाडीत पुढच्या आसालाही असेच एक डिफरन्शियल असते. पार्ट टाइम पद्धतीच्या गाडीत नेहमीच्या वापरात फक्त मागची चाके ओढतात. लिव्हर ओढून फोर बाय फोर लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. हा तपशील ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

दोष नसलेले आवाज

नव्या गाडीच्या मागून आवाज आला की मालकाचा जीव वरखाली होतो. साहजिकच आहे, कर्जाचे हप्ते सुरू असतात. पण कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी काही आवाज निर्दोष असतात हे माहीत हवे.

फोर बाय फोर लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी चालवली आणि तीव्र वळण घेतले, तर गाडी अडखळते, धक्के देते आणि नंतर लिव्हर परत निघता निघत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि शाफ्ट जखडलेले असल्यामुळे सगळा ताण यंत्रणेत साठतो. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की तो ताण सुटतो. हा वापरातील चूक दाखवणारा प्रकार आहे, बिघाड नव्हे. असे चालवणे चालूच ठेवले, तर मात्र बिघाड होतो.

काही गाड्यांच्या मागील डिफरन्शियलमध्ये आपोआप कुलूपबंद होणारी यंत्रणा असते. चिखलात एक चाक गरगर फिरू लागले की ती 'कट्ट' असा आवाज करून दोन्ही चाके जोडते. पहिल्यांदा हा आवाज ऐकणारा माणूस दचकतो. दुसऱ्या काही गाड्यांत घर्षणाच्या चकत्या असतात आणि पार्किंगमध्ये गाडी हळू वळवताना त्या गुरगुरतात. तेथे बहुधा योग्य मिश्रण घातलेले तेल भरले की काम भागते.

मोठ्या नक्षीचे टायर हा तिसरा प्रकार. खडबडीत रस्त्यासाठीचे टायर वेगात घुमतात आणि त्यांचा आवाज डिफरन्शियलच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी माणूसही फसतो. फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर गेल्यावर टायरचा आवाज बदलतो. डिफरन्शियलला रस्ता कशाचा आहे याची खबर नसते.

कान, गती आणि आकडा

आता मुख्य भागाकडे वळू. मराठीत आवाजासाठी शब्दांची वाण नाही. खडखड, घरघर, कटकट, धडधड, कुरकुर, खरखर, 'घूं', 'खट्ट'. व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा तिसरा प्रकार म्हणून अनुकरणवाचक शब्द आपण शिकलो आहोत. पूर्णाभ्यस्त आणि अंशाभ्यस्त यांच्यानंतर परीक्षेपुरता त्यांचा उल्लेख होतो आणि ते मागे पडतात. गॅरेजमध्ये हेच शब्द निदानाचे साधन असतात. ते कसे, हे एका हिशेबाने पाहू.

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. चाकाचा परिघ २.४ मीटर धरला, तर चाक सेकंदाला साधारण ७ वेळा फिरते. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते आहेत असे समजा. मग पिनियन आणि त्याला जोडलेला शाफ्ट सेकंदाला सुमारे २६ वेळा फिरतो आणि दात्याला दाता भिडण्याची क्रिया सेकंदाला ७ गुणिले ४१, म्हणजे २८७ वेळा घडते.

७, २६ आणि २८७ हे तीन आकडे कानाने ऐकून पाहा. सेकंदाला ७ ठोके मोजता येत नाहीत, पण ते ठोके आहेत हे कळते : 'धबधबधब'. टायरला फुगा आला असेल किंवा चाकात दोष असेल, तर असा आवाज येतो. सेकंदाला २६ वेळा घडणारी गोष्ट ठोक्यांसारखी ऐकू येण्याऐवजी थरथर म्हणून जाणवते, पायाखालच्या पत्र्याला आणि सीटला. संशय शाफ्टच्या तोलावर किंवा त्याच्या सांध्यावर जातो. आणि २८७ हा सरळ सरळ एक स्वर आहे, लांब ओढलेला 'घूं'. वेग वाढला की तो चढतो, कमी झाला की उतरतो. क्राउन-पिनियनचे दाते चुकीच्या जागी भिडत असतील, तर हाच स्वर उमटतो. बेरिंग खराब असेल तर स्वर शुद्ध राहत नाही. त्यात खरखर मिसळते.

म्हणजे 'धबधब', 'थरथर' आणि 'घूं' यांपैकी कोणता शब्द मालकाने वापरला, यावरून तपासणीची दिशा ठरते. तक्रारीचे इंग्रजी भाषांतर करताना या तिन्हींच्या जागी केवळ 'नॉइज' असे लिहिले जाते, तेव्हा नेमकी हीच माहिती गळून जाते. याची खंत फारशी कोणी करत नाही.

स्वर ओळखल्यावर तो केव्हा येतो हे पाहायचे. डिफरन्शियलच्या दात्यांना दोन बाजू असतात. इंजिन चाकांना ओढत असते तेव्हा एक बाजू भिडते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी इंजिनाला ओढू लागली की दुसरी. म्हणून चढावर येणारा आवाज आणि उतारावर येणारा आवाज या दोन वेगळ्या बातम्या आहेत. नाशिककरांना यासाठी फार लांब जावे लागत नाही. वणीच्या सप्तशृंग गडाचा रस्ता चढताना पहिली बाजू तपासली जाते, इगतपुरीकडून कसारा घाट गिअरमध्ये उतरताना दुसरी. (घाटात न्यूट्रल करून आवाज ऐकण्याचा मोह टाळावा, इंजिनाचा अडसर गेल्यावर सगळा भार ब्रेकवर येतो.)

आवाज कोठून येत नाही, हेही नोंदवावे लागते. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे तेवढेच वाढवले आणि आवाज आला नाही, तर इंजिन सुटले. त्याच वेगाला चौथ्या आणि पाचव्या अशा दोन्ही गिअरमध्ये स्वर तोच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, चाकांच्या गतीशी बांधलेला आहे. मोकळ्या रस्त्यावर हलके डावे-उजवे वळण घेताना आवाज कमीजास्त झाला, तर चाकाच्या बेरिंगवर संशय घ्यावा, कारण वळणावर बाहेरच्या चाकावर भार वाढतो. पुढे जाता जाता मागचा गिअर टाकल्यावर एकदाच 'खट्ट' होत असेल, तर प्रथम शाफ्टचा क्रॉस पाहावा. मेकॅनिक ज्याला प्ले म्हणतात तो क्राउन-पिनियनमधला ढिलेपणा हा त्यानंतरचा संशयित आहे.

गाडीखालची तपासणी सगळ्यांनी करावी असे नाही. हाउसिंगवर तेलाचा ओघळ आहे का, एवढे मात्र कोणालाही पाहता येते. तेल तपासायचे झाल्यास ते काम गॅरेजमध्ये करून घ्यावे आणि आपण तेथे उभे राहावे. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर करडा लेप दिसतो. नव्या गाडीत दाते एकमेकांत बसताना झिजतात, त्याचा बारीक लेप येणारच. बोटांना कण लागले, चकत्या किंवा तुकडे निघाले, तर गोष्ट गंभीर आहे. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. जळका वास असेल तर तेल कमी होते किंवा बेरिंग जास्त आवळले गेले आहे. एक धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा. फोर बाय फोर किंवा कुलूपबंद होणाऱ्या डिफरन्शियलच्या गाडीचे एक चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नये. जमिनीवरच्या चाकालाही गती मिळते, गाडी जॅकवरून उडी घेते आणि खाली माणूस असतो.

यापुढचे काम कारखान्याच्या प्रशिक्षित माणसाचे. तो हाउसिंग उघडतो, दात्यांना रंग लावून ते कोठे भिडतात याचा ठसा घेतो आणि डायल गेजने प्ले मोजतो. प्ले बहुधा ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास अपेक्षित असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला असतो. ही उघडझाप खर्चाची आणि वेळखाऊ असते. म्हणूनच तक्रारीतील वर्णन पटले नाही, तर ती टाळली जाते.

एक कल्पित प्रकरण

समजा, दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने डिसेंबरमध्ये फोर बाय फोर गाडी घेतली. गाडी कोणत्याही कंपनीची धरा. एप्रिलमध्ये, सहा हजार किलोमीटरच्या सुमारास, त्याला मागून 'घूं' असा आवाज जाणवू लागला. मे महिन्यात त्याने सर्व्हिस सेंटरला सांगितले, "गाडी मागून आवाज करते, बघून घ्या." जॉब कार्डवर शेरा पडला : तपासणीत दोष आढळला नाही. जुलैमध्ये हरसूलकडे जाताना त्याने गाडी पुराच्या ओढ्यातून काढली. ऑगस्टमध्ये, अकरा हजार किलोमीटरला, आवाज वाढला. तेल काढले तेव्हा ते किंचित दुधाळ निघाले. गाडी पाण्यातून नेल्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर त्याला मिळाले.

या उत्तरात तथ्य असू शकते. चालून तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि हवेच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. पण आवाज एप्रिलमध्ये सुरू झाला होता आणि ओढा जुलैमधला होता. पाण्याआधीही काही बिघडलेले होते, हे दाखवणारा एकमेव कागद म्हणजे मे महिन्यातले जॉब कार्ड आणि त्यावर नुसते 'आवाज करते' असे लिहिलेले होते. कोणत्या वेगाला, पाय दाबल्यावर की काढल्यावर, हे कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. तपासणाऱ्याने गाडी शहराच्या गर्दीत ताशी ३० च्या वेगाने फिरवून आणली. साठला येणारा आवाज तिसाला ऐकू आला नाही. शेरा खोटा नव्हता.

आता तोच बागायतदार ऑगस्टमध्ये कसे लिहू शकला असता ते पाहा :

"गाडी ताशी ५५ ते ७० किलोमीटर वेगात असताना ॲक्सिलरेटर दाबला की मागील आसाच्या मध्यभागातून 'घूं' असा सलग आवाज येतो. पाय काढला की आवाज थांबतो. चौथ्या व पाचव्या गिअरमध्ये आवाज सारखाच येतो. डांबरी व काँक्रीट अशा दोन्ही रस्त्यांवर तो बदलत नाही. वळणावर फरक पडत नाही. फोर बाय फोर लावलेले नसतानाही आवाज येतो. आवाज प्रथम एप्रिलमध्ये, सुमारे ६,००० कि.मी.ला जाणवला, मे महिन्यात त्याची तोंडी तक्रार केली, जॉब कार्डची प्रत सोबत जोडली आहे. जुलैमध्ये गाडी एकदा वाहत्या ओढ्यातून नेली होती. त्यानंतर आवाज वाढला आहे. ऑगस्टमध्ये तेल काढले असता ते दुधाळ दिसले. क्राउन-पिनियनच्या जुळणीत दोष असावा, असे मला वाटते. कृपया वरील वेगाने माझ्या उपस्थितीत गाडी चालवून पाहावी आणि डिफरन्शियल उघडून दात्यांचा ठसा व प्ले तपासावा. निष्कर्ष लेखी द्यावा."

ओढ्याचा उल्लेख त्याने लपवलेला नाही, हे पाहा. पाणी तेलात दिसणारच आहे. ते तपासणाऱ्याने उघड करण्याऐवजी तक्रारदारानेच तारखेसह सांगितले, की एप्रिलची नोंदही विश्वसनीय ठरते.

भाषेच्या अंगाने

वरील पत्रातील वाक्यांचे तीन गट पडतात. बहुतेक वाक्ये निरीक्षणाची आहेत. 'असे मला वाटते' हे एक वाक्य अनुमानाचे. शेवटची दोन मागणीची. निरीक्षणाच्या वाक्यांत 'येतो', 'थांबतो', 'बदलत नाही' असा रीतिदर्शक वर्तमानकाळ आहे, म्हणजे ही गोष्ट वारंवार घडते आणि पुन्हा करून पाहता येईल. एकदाच घडलेल्या गोष्टींसाठी भूतकाळ आहे : 'नेली होती', 'दिसले'. 'येतो' आणि 'आला' यांतील हा भेद तपासणाऱ्याला सांगतो की त्याने गाडी चालवून पाहायची की तुमच्या शब्दावर विसंबायचे.

'दाबला की येतो' यातील 'की' कडेही लक्ष द्या. हे अव्यय दोन घटना लागोपाठ घडल्याचे सांगते. एकीमुळे दुसरी घडली, असे ते म्हणत नाही. त्या जागी 'दाबल्यामुळे येतो' असे लिहिले असते, तर कारणाचा दावा झाला असता. अनुमानासाठी 'असावा' हे विध्यर्थी रूप आहे. 'क्राउन-पिनियन घासले आहेत' असे ठाम विधान करण्याची भीड अनेकांना वाटत नाही. पण हाउसिंग उघडल्यावर दोष बेरिंगमध्ये निघाला, तर ठाम विधान करणाऱ्याची बाकीची निरीक्षणेही संशयास्पद ठरतात.

राहिला शब्दांचा प्रश्न. राज्याचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्याने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले. पाठ्यपुस्तकात, ग्रंथात मराठी परिभाषा वापरलीच पाहिजे. परंतु गॅरेजला द्यायच्या पत्रात 'डिफरन्शियल' ऐवजी घडवलेला संस्कृतनिष्ठ शब्द वापरला, तर मेकॅनिक तो वाचून दुसऱ्या कोणाला अर्थ विचारेल. क्राउन, पिनियन, बेरिंग, सील, प्ले हे शब्द मराठी माणसाच्या हाताखाली अनेक दशके आहेत; महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये सुरू केली, तेव्हापासूनचा हा सहवास आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते वस्तूचे नाव प्रचलित ठेवावे आणि मराठीपण क्रियापदांत, अव्ययांत आणि आवाजाच्या शब्दांत जपावे.

वर्णनात गाडीचा चासिस क्रमांक आणि निर्मितीचा महिना असावा. २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कारखान्यात आलेल्या इंधनाच्या एका खेपेत अशुद्धी असल्याची शंका होती. तो दोष डिफरन्शियलचा नव्हता. नव्या गाडीतील दोष कधी कधी एका खेपेशी, एका आठवड्याशी बांधलेला असतो, एवढेच येथे घ्यायचे. एकाच महिन्यातल्या पाच गाड्यांबद्दल पाच नीट लिहिलेल्या तक्रारी आल्या, तर कंपनीलाही तो धागा सापडतो.

कायद्याच्या बाजूने थोडेसे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला तो राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तेथेही पहिला कागद म्हणून जॉब कार्डच पुढे येते. त्यावर सही करण्यापूर्वी आपले शब्द तसेच उतरवले आहेत का, हे वाचून पाहावे; इंग्रजीत असेल तर अर्थ विचारून घ्यावा.

स्वाध्याय

पुढील मजकूर एका चालकाने बोलून दाखवलेला आहे असे समजा :

"भाऊ, गडावरनं उतरताना पाय काढला का मागून घूं करती गाडी. चढताना काहीच नाही. कसाऱ्याला बी तसंच. टायर मागल्या महिन्यात नवीन टाकले. मेकॅनिक म्हणतो बेरिंग गेलं, मला तर क्राउनच वाटतो. ऑइल कधी बदललं ते काय ठाऊक नाही."

१. या मजकुरातील निरीक्षणाची आणि अनुमानाची वाक्ये वेगळी करा.

२. आवाज टायरचा नाही, हे या मजकुरावरून सिद्ध होते का? होत नसेल, तर चालकाला कोणते दोन प्रश्न विचाराल?

३. 'पाय काढला का' आणि 'पाय काढल्यामुळे' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

४. चालकाशी बोलून उरलेली माहिती मिळाली असे गृहीत धरून सर्व्हिस सेंटरला दीडशे शब्दांत पत्र लिहा. 'घूं' हा शब्द पत्रात तसाच ठेवा आणि तो ठेवण्याचे कारण पत्राखाली एका वाक्यात नोंदवा.